लिगुरिया : गडग्यांवर तोललेला किनारा

अपरान्ता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इटलीला जाऊन आलेल्यांकडून ‘चिंक्वे तेर्रे एका दिवसात करून टाकले’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्या प्रदेशाविषयी एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. त्या एका दिवसात पाच स्थानकांवर चढउतार होते, गर्दीतून वाट काढून रंगीत घरांचे छायाचित्र घेतले जाते आणि संध्याकाळच्या गाडीने माणूस फ्लॉरेन्सला परततो. ‘चिंक्वे तेर्रे’ नावाची ती पाच गावे ज्या किनाऱ्याचा एक लहानसा तुकडा आहेत, तो लिगुरिया मात्र पाहायचा राहूनच जातो. मी आणि माझे यजमान तिथे दोनदा जाऊन आलो, २०२३ च्या मे महिन्यात सोळा दिवस आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अकरा दिवस. पुढचे सगळे त्या दोन फेऱ्यांच्या आधाराने लिहिते आहे.

लिगुरिया इटलीच्या वायव्येला आहे. फ्रान्सच्या सीमेवरील वेंतिमील्यापासून पूर्वेला ला स्पेत्सियापर्यंत तो चंद्रकोरीसारखा पसरला आहे आणि त्या कोरीच्या साधारण मध्यावर जेनोआ हे राजधानीचे शहर आहे. जेनोआच्या पूर्वेकडील किनाऱ्याला तिथले लोक ‘लेवान्ते’ म्हणजे उगवतीचा किनारा म्हणतात, आणि पश्चिमेकडील किनाऱ्याला ‘पोनेन्ते’ म्हणजे मावळतीचा. संपूर्ण प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे ५,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसेच जास्त. मी चिपळूणची असल्यामुळे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी मला ओळखीची वाटेल असा माझा समज होता, परंतु तिथे पोहोचल्यावर फरक लगेच लक्षात आला. आपल्याकडे सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामध्ये खाड्या, मळे, वाड्या आणि सडे यांना पुरेल एवढी जागा आहे. लिगुरियात आल्प्स आणि अपेनाईन्स हे दोन्ही डोंगर जवळजवळ थेट पाण्यातच उतरतात. सपाट जमीन म्हणावी अशी फारच थोडी आहे, आणि म्हणून तिथल्या माणसांनी ती स्वतःच्या हातांनी तयार केली.

माझ्या दृष्टीने लिगुरियाचे खरे आश्चर्य हेच आहे. रंगीत घरे सुंदर आहेतच, पण त्या घरांच्या मागे डोंगरावर नजर टाकली की तळापासून माथ्यापर्यंत एकावर एक चढत गेलेल्या पायऱ्यांची शेती दिसते, आणि प्रत्येक पायरीला आधार देणारी भिंत कोरड्या दगडांची असते. आपल्या कोकणात ज्याला आपण गडगा म्हणतो, तोच हा प्रकार. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. फक्त चिंक्वे तेर्रेच्या परिसरातच अशा गडग्यांची एकूण लांबी काही हजार किलोमीटर भरते. सुमारे हजार वर्षे पिढ्यान् पिढ्या हे काम चालू आहे. युनेस्कोने १९९७ साली ही पाच गावे, पोर्तोवेनेरे आणि त्याच्या समोरची पाल्मारिया, तिनो व तिनेत्तो ही बेटे जागतिक वारशाच्या यादीत घेतली, ती माणसाने घडवलेला भूप्रदेश म्हणूनच. पुढे २०१८ साली कोरड्या दगडी बांधकामाची कला इटलीसह आठ युरोपीय देशांच्या नावे अमूर्त वारसा म्हणून नोंदवली गेली.

या पाचांपैकी मानारोला या गावाच्या वर व्होलास्त्रा नावाची वाडी आहे. तिथून कोर्नील्या या शेजारच्या गावाकडे जाणारी पायवाट द्राक्षमळ्यांच्या काठाकाठाने जाते. पहिल्या फेरीत एका सकाळी त्या वाटेवर साठी उलटलेले एक गृहस्थ ढासळलेला गडगा पुन्हा रचताना दिसले, आणि आम्ही अर्धा तास तिथेच बसून राहिलो. त्यांनी आधी पडलेल्या दगडांचे आकारानुसार तीन ढीग केले होते. सर्वांत मोठे दगड तळाशी, त्यांचे तोंड बाहेर आणि कल किंचित आत डोंगराकडे. प्रत्येक दगड ठेवल्यावर ते तो हाताने हलवून पाहत, हलला तर उचलून फिरवत आणि दुसरी बाजू लावून पाहत. जिथे फट राहील तिथे लहानशी चीप हातोड्याने ठोकून बसवत. दर्शनी दगडांच्या मागे त्यांनी बारीक खडीचा हातभर रुंद थर भरला होता. खुणांनी विचारले तेव्हा त्यांनी बोटे खाली सोडून पाणी झिरपत असल्याचा अभिनय करून दाखवला. पावसाचे पाणी त्या खडीतून आणि फटींतून निघून जाते, म्हणून मातीचा भार भिंतीवर येत नाही. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि एक दिवस मातीसकट खाली येते. आमच्या गावी माझे आजोबा गडगा घालताना अगदी हेच सांगत.

या पायऱ्यांवर द्राक्षे, ऑलिव्ह आणि लिंबे होतात. द्राक्षे वाहून नेण्यासाठी डोंगरउतारावर एकाच रुळावरून धावणाऱ्या दातेरी चाकांच्या लहान गाड्या बसवलेल्या आहेत. त्याआधी सगळा माल डोक्यावरून आणि पाठीवरून उतरवला जाई. इथली ‘शाक्केत्रा’ ही गोड वाइन द्राक्षे सुकवून करतात. कष्ट फार आणि उत्पन्न थोडे असल्यामुळे तरुण मंडळी शहरात किंवा पर्यटनात गेली आणि कितीतरी पायऱ्या ओस पडल्या. पाचही गावांत मिळून आज चार हजारांहूनही कमी माणसे कायम राहतात, आणि तिथे दर वर्षी येणाऱ्या पर्यटकांची संख्या लाखांत मोजावी लागते. आपण ज्या देखाव्यासाठी जातो, तो देखावा टिकवणारे हात कमी होत आहेत, हे तिथे प्रत्यक्ष पाहिल्यावर मनाला लागते.

आता गावांविषयी. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे असा क्रम आहे. मोंतेरोस्सोला खरी वाळूची पुळण आहे आणि तिथले अँचोव्ही नावाचे लहान मासे प्रसिद्ध आहेत. वेर्नात्साचे बंदर मला पाचांत सर्वांत देखणे वाटले. कोर्नील्या एकटे समुद्रापासून शंभर मीटर उंचीवर आहे आणि स्थानकापासून तिथे जायला ३८२ पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून तिथे गर्दी थोडी कमी असते. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यात कोरलेली ‘प्रेमाची वाट’ २०१२ मध्ये दरड कोसळल्यामुळे बंद झाली होती, ती २०२४ साली पुन्हा खुली झाली. तिच्यासाठी वेळ आधी राखून स्वतंत्र तिकीट घ्यावे लागते. वाट जेमतेम एक किलोमीटरची आहे आणि गाजावाजा मोठा आहे. माझे मत विचाराल तर व्होलास्त्राची वाट तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या पायवाटांवर साध्या चपला घालून जायला मनाई आहे, दंड होतो, तेव्हा बूट नेणे आवश्यक.

आम्ही या पाचांपैकी कुठेही न राहता शेजारच्या लेवान्तोला मुक्काम केला. तिथून गाडीने मोंतेरोस्सो काही मिनिटांवर आहे, खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात आणि संध्याकाळी गावातली मुले चौकात चेंडू खेळताना दिसतात. पोर्तोवेनेरेला मात्र एक पूर्ण दिवस द्यावा. खडकाच्या टोकावर तेराव्या शतकातले काळ्यापांढऱ्या दगडी पट्ट्यांचे सान पिएत्रोचे चर्च आहे, आणि त्याच्या सज्जात उभे राहिले की खाली लाटा फुटत असतात. आखाताच्या पलीकडे लेरिची आहे. १८२२ च्या जुलैमध्ये इंग्रज कवी शेली लिव्होर्नोहून तिथल्याच आपल्या घराकडे शिडाच्या होडीने परतत असताना वादळात बुडाला. त्या आखाताला आज ‘कवींचे आखात’ म्हणतात.

जेनोआच्या दिशेने सरकलो की कामोल्यी लागते. हे दर्यावर्द्यांचे गाव. सहासहा मजल्यांची अरुंद घरे समुद्राकडे तोंड करून एका रांगेत उभी आहेत आणि त्यांच्या भिंतींवरच्या अनेक खिडक्या, कोनाडे आणि दगडी नक्षी ही प्रत्यक्षात नुसती रंगवलेली आहेत. एका भिंतीवर मी बराच वेळ खरी खिडकी कोणती आणि चितारलेली कोणती हे ओळखण्याचा प्रयत्न करत होते. शेवटी एका खिडकीतून बाईंनी चादर झटकली तेव्हा खात्री पटली. कामोल्यीहून बोटीने सान फ्रुत्तुओसोला जाता येते. डोंगराच्या कुशीतला हा मध्ययुगीन मठ असा वसला आहे, की तिथे फक्त पाण्यातून किंवा पायी पोहोचता येते. समोरच्या समुद्रात १७ मीटर खोलीवर १९५४ साली येशूचा ब्राँझचा पुतळा बसवला आहे, हात वर पसरलेला. आम्ही दुपारी तिथे असताना समुद्र खवळला आणि परतीच्या बोटी बंद झाल्या. पायी पोर्तोफिनो गाठायला आम्हाला अडीच तास लागले, जवळ पाण्याची एकच बाटली होती. जाणाऱ्यांनी लाटांचा अंदाज सकाळीच पाहावा आणि चालायची तयारी ठेवूनच निघावे. पोर्तोफिनोचा चौक आणि बंदर चित्रासारखे आहे, परंतु तिथे एका कॉफीला जे मोजावे लागते त्यात कामोल्यीला दोघांचा नाश्ता होतो.

जेनोआविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण बहुतेक सहली हे शहर वगळतात. समुद्री व्यापारावर उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाची ही राजधानी. १४०७ साली स्थापन झालेली सान जॉर्जोची पेढी युरोपातल्या सर्वांत जुन्या पेढ्यांपैकी एक होती आणि तिची वास्तू आजही बंदरासमोर उभी आहे. त्याच वास्तूत, पेढीच्या कितीतरी आधी, युद्धकैदी ठेवले जात. १२९८ च्या सुमारास व्हेनिसचा मार्को पोलो जेनोआच्या कैदेत होता आणि तिथेच त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लो या सहकैद्याला आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली. बंदरामागे ‘कारुज्जी’ म्हणजे गल्ल्यांचे जाळे पसरले आहे. त्या इतक्या अरुंद आहेत, की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात आणि दुपारी बारालाही खाली ऊन पोहोचत नाही. अशा गल्लीतून चार पावले वर चढलो की एकदम सोळाव्या शतकातल्या प्रासादांची गारिबाल्दी रस्त्याची रांग समोर येते. या प्रासादांची गोष्ट फार चांगली आहे. प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता, म्हणून परदेशी राजे आणि दूत आले की त्यांना नागरिकांच्या घरी उतरवत. कोणते घर कोणत्या दर्जाच्या पाहुण्याला योग्य, याच्या सरकारी याद्या १५७६ पासून केल्या जात आणि त्या यादीला ‘रोल्ली’ म्हणत. त्यांतले ४२ प्रासाद २००६ साली जागतिक वारशात आले.

शहर डोंगरावर चढत गेलेले असल्यामुळे तिथे सार्वजनिक उद्वाहक आणि दोराने ओढल्या जाणाऱ्या रेल्वे आहेत. पोर्तेल्लो चौकातून फरशा लावलेल्या लांब बोगद्यातून जाऊन जुन्या लाकडी धाटणीच्या उद्वाहकाने कास्तेल्लेत्तोच्या सज्जावर जावे. स्लेटच्या दगडाची करडी छपरे, त्यांमधून डोकावणारे मनोरे आणि पलीकडे १५४३ सालचा ‘लान्तेर्ना’ हा दीपस्तंभ, असे सगळे शहर एका नजरेत येते.

पोनेन्तेविषयी थोडक्यात लिहिते. नोली हे आज लहानसे गाव आहे, पण १७९७ पर्यंत ते स्वतंत्र प्रजासत्ताक होते. फिनालबोर्गोची तटबंदी आणि अल्बेंगाचे विटांचे मनोरे पाहण्यासारखे आहेत. अल्बेंगाला पाचव्या शतकातले बाप्तिस्मागृह आहे. इम्पेरियाच्या मागे ताज्जास्का जातीच्या बारीक ऑलिव्हच्या बागा आहेत. सानरेमो फुलांसाठी आणि १९५१ पासून भरणाऱ्या गाण्यांच्या महोत्सवासाठी ओळखले जाते. आल्फ्रेड नोबेलचा मृत्यू १८९६ साली याच गावी झाला. तिथून जवळ बुस्साना वेक्किया आहे. १८८७ च्या भूकंपात ते गाव सोडून द्यावे लागले आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कलाकारांनी त्या पडक्या घरांत पुन्हा वस्ती केली. आत डोंगरात दोल्चेआक्वाला एकाच कमानीचा जुना पूल आहे, तो फ्रेंच चित्रकार मोनेने १८८४ मध्ये चितारला. हा किनारा कमी नाट्यमय आहे, पण तिथे गर्दीही कमी आहे.

शंका असतील तर जरूर विचाराव्यात.

खडीसाखर

अपरान्ताताई, लेख फार आवडला. आम्ही दोघे आणि सासूबाई पुढच्या वर्षी जाण्याच्या विचारात आहोत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, शिवाय त्यांचे गुडघे दुखतात. अशा माणसाला हा प्रदेश झेपेल का?

अपरान्ता

खडीसाखर, खाण्याची काळजी मुळीच करू नका. लिगुरियाचे रोजचे जेवण माशांपेक्षा पालेभाज्या, डाळी आणि तेलावर उभे आहे. फारिनाता तर सासूबाईंना घरचीच वाटेल. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढेच तिच्यात असते. जेनोआत एका जुन्या भटारखान्यात मी ती होताना पाहिली. परातीहून मोठी, दोन बोटे उंच काठाची तांब्याची थाळी, तिच्यात आधी तेल आणि त्यावर ताकासारखे पातळ भिजवलेले पीठ. लाकडाच्या भट्टीत ती लांब दांड्याने सारत आणि मधूनमधून फिरवत. दहाएक मिनिटांत वरून खरपूस तपकिरी पापुद्रा आला आणि आत ती मऊच राहिली. कागदावर तुकडे, वर मिरपूड. आपल्या बेसनाच्या पोळ्याचीच ही भट्टीतली बहीण आहे. याशिवाय फोकाच्चा हा तेलाने भिजलेला पाव, रेक्को गावची, चीज भरलेली पातळ फोकाच्चा आणि अक्रोडाच्या सॉसमधले ‘पान्सोत्ती’ हे पानांचे सारण भरलेले पास्ते यांत मांस-मासे नसतात; पान्सोत्तीत अंडे असू शकते, ते विचारून घ्यावे. पेस्तोमध्ये तुळशीच्या कुळातली बेझिलची कोवळी पाने, लसूण, पाइनच्या बिया, जाडे मीठ, तेल आणि दोन प्रकारचे चीज संगमरवरी खलात कुटतात. त्यासोबत पास्त्यात बटाटा आणि फरसबीही शिजवून घालतात. एक गोष्ट मात्र सांगणे माझे कर्तव्य आहे. पेस्तोतले पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. सासूबाईंना ते चालत नसेल तर पेस्तो ‘सेन्झा फोर्माज्जो’, म्हणजे चीजविना, मिळेल का हे आधी विचारावे. फारिनाता निर्धास्त खावी.

गुडघ्यांसाठी मुक्काम सान्ता मार्गेरिता, सेस्त्री लेवान्ते किंवा पश्चिमेला अलास्सिओला करावा; तिन्ही ठिकाणी समुद्राकाठी सपाट फिरता येते. चिंक्वे तेर्रेपैकी मोंतेरोस्सो त्यांना जमेल. कोर्नील्याला स्थानकापासून लहान बस असते, त्यामुळे पायऱ्या टाळता येतात. बोटीत चढताना अरुंद फळीवरून जावे लागते, तिथे हात धरायला कोणीतरी सोबत हवे.

मिलानकर

मी बारा वर्षे मिलानमध्ये राहतो, त्यामुळे थोडी भर घालतो. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी अर्धे मिलान लिगुरियाच्या गाड्यांत असते, आणि १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाच्या आसपास तर खोली मिळणेही अवघड होते. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. किनाऱ्याचा बराच भाग छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्यांकडे असतो. फुकट पोहायचे असल्यास ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी शोधावी. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेतले तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. ‘शोपेरो’ म्हणजे संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवली जाते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

पोनेन्तेला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सान लोरेन्झोपासून ओस्पेदालेत्तीपर्यंतचा समुद्रालगतचा जुना लोहमार्ग आत डोंगरात हलवला गेला आणि त्या जागी आता सुमारे २४ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. चढ जवळजवळ नाहीच, एका बाजूला सतत समुद्र, मध्ये जुने बोगदे. मुलांना घेऊन गेलेल्या माझ्या मित्रांना चिंक्वे तेर्रेपेक्षा हाच दिवस जास्त आठवतो.

नागपूरकर

लेख उत्तम आहे, तरीही एका मुद्द्यावर माझा मतभेद नोंदवतो. आम्ही चौघे २०१९ साली युरोपला गेलो ते बारा दिवसांसाठी, वर्षभर पैसे साठवून. चिंक्वे तेर्रेला एकच दिवस देणे शक्य होते. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मोंतेरोस्सोला. तो दिवस आमच्या घरात अजूनही सांगितला जातो. ज्यांना सोळा दिवस मिळत नाहीत, त्यांचे पाहणे अपुरे ठरवू नये असे मला मनापासून वाटते.

अपरान्ता

नागपूरकर, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि माझ्या पहिल्या परिच्छेदाचा सूर त्या बाबतीत कठोर झाला, हेही मान्य करते. माझा आक्षेप एका दिवसाला नव्हता, त्या एका दिवसात पाचही गावे गाठण्याच्या धावपळीला होता. तुम्ही मुलांना घेऊन एका पुळणीवर थांबलात, हेच योग्य केलेत. ज्यांच्याजवळ एकच दिवस आहे त्यांनी दोन गावे निवडावीत, आणि जमल्यास ती रात्र तिथेच काढावी. संध्याकाळी सहानंतर दिवसभराचे प्रवासी परततात आणि वेर्नात्साच्या बंदरात आजोबा मंडळी बाकांवर येऊन बसतात.

खलाशी

मी रत्नागिरीचा, व्यापारी जहाजांवर एकतीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली. जेनोआला किती वेळा लागलो याची मोजदाद नाही. पहाटे बंदरात शिरताना लान्तेर्नाचा झोत दिसला की घरी पत्र टाकता येईल म्हणून बरे वाटे. आता कंटेनरची जहाजे शहराच्या पश्चिमेला प्रा इथे लागतात. तिथे एका बाजूला अवाढव्य क्रेन आणि त्यांच्या मागच्याच उतारावर काचेची शेडे दिसतात. पेस्तोसाठी सर्वांत नावाजलेले बेझिल याच शेडांत पिकते, हे मला एका गोदी कामगाराने दाखवले होते.

कापडाची एक गोष्ट सांगतो. इंजिनरूममध्ये आम्ही अंगावर डांगरी चढवून काम करत असू. तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आला, कारण तिथले जाडेभरडे कापड परदेशी जाई आणि त्याला त्या जागेचेच नाव पडले. तसाच ‘जीन्स’ हा शब्द जेनोआच्या फ्रेंच नावावरून आला. जेनोआच्या धर्मप्रांताच्या संग्रहालयात निळीने रंगवलेल्या लिननवर पांढऱ्या रंगाने काढलेले येशूच्या यातनांचे सोळाव्या शतकातले पडदे आहेत. तो निळा रंग पाहिला आणि मला माझी धुऊन विटलेली डांगरी आठवली. दोन्ही बंदरांनी आपापली नावे कामगारांच्या कपड्यांना दिली, याचा मला अभिमान वाटतो.

वाचनवेडा

जेनोआचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. इटलीच्या एकीकरणाचा पुरस्कर्ता जोसेफ माझ्झिनी याचा जन्म २२ जून १८०५ रोजी जेनोआत झाला. जन्माचे घर लोमेल्लिनी रस्त्यावर आहे आणि तिथे आता इटलीच्या एकीकरणाचे संग्रहालय आहे. मराठी वाचकाला त्या घरी जाण्याचे खास कारण आहे. सावरकरांनी लंडनमध्ये असताना माझ्झिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि इंग्रज सरकारने पुढे तो जप्त केला. माझ्झिनीची समाधी जुन्या शहराबाहेरच्या स्तालियेनो दफनभूमीत आहे, जाड दगडी खांबांची आणि अगदी साधी. त्याच एकीकरणासाठी लढणाऱ्या गारिबाल्दीची हजार स्वयंसेवकांची तुकडी ५ मे १८६० च्या रात्री निघाली ती जागाही शहराच्या पूर्वेला क्वार्तो इथे आहे. अपरान्ताताईंनी गल्ल्या आणि प्रासाद लिहिले, पण हे राहून गेले याची चुटपुट लागली.

अपरान्ता

वाचनवेडा, आभार. ते घर पहिल्या फेरीत सोमवारी बंद मिळाले आणि दुसऱ्या फेरीत जेनोआला एकच रात्र होतो. खलाशीकाका, तुमचे पडदे आणि डांगरी आता माझ्या डोक्यातून जाणार नाहीत.

पाऊलवाट

गाडीत कोणत्या बाजूला बसावे? आणि ऑक्टोबरची दिवाळीची सुट्टी कशी ठरेल? वेर्नात्साला मोठा पूर आला होता असे ऐकले आहे.

अपरान्ता

जेनोआहून ला स्पेत्सियाकडे जाताना उजवीकडे आणि वेंतिमील्याकडे जाताना डावीकडे बसावे. बोगदे खूप आहेत. दोन बोगद्यांच्या मध्ये समुद्र क्षणभर दिसतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर मात्र मी सुचवणार नाही. उन्हाळ्याने तापलेल्या समुद्रावरून येणारे बाष्प उभ्या डोंगराला अडते आणि काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस होतो. ओढे आखूड आणि उताराचे, त्यांतले कित्येक गावांच्या रस्त्यांखालून वळवलेले. गेलातच तर रोज सकाळी प्रशासनाचा इशारा पाहावा. लाल इशारा असेल त्या दिवशी पायवाटेवर जाऊ नये.

पूर २५ ऑक्टोबर २०११ रोजी आला. वेर्नात्साच्या मुख्य रस्त्यातून डोंगरावरची माती, दगड आणि मोटारी वाहत बंदरापर्यंत आल्या. गावात तीन माणसे गेली. लोकांना बोटींनी हलवावे लागले. ओस पडलेल्या पायऱ्यांचे न सांभाळलेले गडगे फुटले आणि त्यांनी अडवून धरलेली मातीही खाली आली, हे नुकसानीचे एक कारण होते. पुढच्या वसंतात गाव पुन्हा उघडले.

सप्टेंबरमध्ये त्या रस्त्यावरच्या एका लहान दुकानात मी लिंबाचा मुरंबा घेत होते. भिंतीवर चिखलाने भरलेल्या त्याच दुकानाचे छायाचित्र लावलेले होते. मी त्याकडे पाहत उभी राहिलेली पाहून दुकानातल्या बाई बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीच्या वर हात नेऊन त्यांनी पाणी कुठवर आले होते ते दाखवले. मला इटालियन फारसे येत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या चिपळूणच्या घरात शिरली होती, आणि भांड्यांतला चिखल काढायला आम्हाला तीन आठवडे लागले होते. मी माझाही हात वर केला आणि आमचे पाणी कुठवर आले होते ते त्यांना दाखवले. त्यांनी मुरंब्याची बाटली कागदात गुंडाळली, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.